गावच्या तरुण मंडळाला सरकारी मदत मिळवायचीय? आधी वही काढा

पंधरा ऑगस्टची ग्रामसभा. झेंडावंदन झालं, पोरांना जिलेबी वाटून झाली आणि देवळासमोरच्या मांडवात सभा भरली. आम्ही वीस-बावीस जण मागं घोळक्यानं उभे. मी हात वर केला आणि चांगलं दणक्यात बोललो. गावात अभ्यासिका पाहिजे, भरतीचा अभ्यास करायला पोरं तालुक्याला जातात, एसटीचे आणि खुर्चीचे पैसे मोजतात, वगैरे. टाळ्या पडल्या. सरपंचताई म्हणाल्या, "करू की!" दिवाळी उलटली तरी हालचाल दिसेना म्हणून ग्रामपंचायतीत गेलो, तर भाऊसाहेबांनी, म्हणजे ग्रामसेवकांनी, प्रोसिडिंग बुक उघडून माझ्यापुढं सरकवलं. त्या दिवसाचे सगळे ठराव ओळीनं लिहिलेले, आमचा मात्र त्यात नाहीच. "बोललास खरं," ते म्हणाले, "पण अर्ज कुठं दिलास? विषयपत्रिकेवर विषय नाही, सूचक नाही, अनुमोदक नाही. काय लिहू मी?"

राग आला, पण माणूस चुकीचं बोलत नव्हता. पुढची काही वर्षं मंडळाचा सचिव म्हणून कागद फिरवताना एवढं कळलं की निधी नसल्यामुळे अडलेल्या कामांपेक्षा कागद नसल्यामुळे अडलेली कामं कितीतरी जास्त आहेत. म्हणून हा लेख. उदाहरण अभ्यासिकेचं घेतलंय, कारण ते मी स्वतः केलंय. व्यायामशाळा, खेळाचं मैदान किंवा वाचनालय करायचं असेल तरी वाट जवळपास हीच.

मागणी आधी मोजून घ्या

"तरुणांसाठी काहीतरी करा" या मागणीला सरकारात लेखाशीर्ष, म्हणजे बजेटमधलं खर्चाचं खातं, नसतं. एक ठोस गोष्ट मागा, आणि ती कुणाला लागते हे दाखवा. आम्ही दोन संध्याकाळी घरोघर फिरलो. वहीत चारच रकाने आखले होते: नाव, वय, कसला अभ्यास, सध्या कुठं बसता. पोलीस भरती, शिक्षक भरती आणि एमपीएससी मिळून छत्तीस जण निघाले. त्यांत एकोणीस मुली होत्या, आणि त्यांतल्या बहुतेकींनी शेवटच्या रकान्यात "घरीच" लिहिलं होतं. संध्याकाळी सातनंतर तालुक्याहून परतायला गाडी नाही, म्हणून त्या जातच नव्हत्या. पुढं प्रत्येक अर्जाला आम्ही हे एक पान जोडलं, आणि साहेब लोकांनी सगळ्या फायलीतलं तेवढं पान नीट वाचलं.

त्याच फेरीत जागाही शोधा. नव्या इमारतीचा हट्ट धरू नका. जुनं ग्रामपंचायत कार्यालय, अर्धवट वापरातलं समाजमंदिर, गोडाऊन झालेली एखादी खोली प्रत्येक गावात असते. फक्त ती कुणाच्या नावावर आहे ते पाहा. गावातल्या मिळकती नमुना ८ मध्ये, म्हणजे कर आकारणीच्या नोंदवहीत, लागतात, त्याचा उतारा मागून घ्या. शाळेची रिकामी खोली असेल तर ती जिल्हा परिषदेची. तिथं मुख्याध्यापकांचं "घ्या की" पुरत नाही, वरची लेखी परवानगी लागते. आणि कुणी दिलदारपणे "माझा तुकडा घ्या, बांधा" म्हणाला, तर त्याला हात जोडून सांगा की नोंदणीकृत बक्षीसपत्र करून दे. तोंडी दान दिलेल्या जागेवर सरकारी पैसा पडत नाही. आणि चुकून पडलाच, तर दात्याची पोरं मोठी झाल्यावर भांडण उभं राहतं.

मंडळ कागदावर आहे का?

गणपतीचं मंडळ आहे, शिवजयंतीला कमान लागते, टी-शर्ट छापलेत, म्हणजे मंडळ आहे असं आपल्याला वाटतं. कागदोपत्री ते बहुतेक वेळा नसतं.

ग्रामपंचायतीनं स्वतःच काम करायचं असेल तर मंडळाची नोंदणी नसली तरी चालतं. काम ग्रामपंचायतीच्या नावावर होतं, तुम्ही फक्त पाठपुरावा करता. पहिल्या कामाला हाच मार्ग धरा असं माझं मत आहे. मात्र अनुदान, पुरस्कार किंवा देणगी मंडळाच्या नावावर यायची असेल, तर नोंदणीशिवाय पर्याय नाही.

महाराष्ट्रात अशी नोंदणी धर्मादाय कार्यालयात होते. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली किमान सात सदस्य लागतात, सगळे सज्ञान. सोबत संस्थेचं ज्ञापन, म्हणजे उद्देश आणि पहिल्या कार्यकारिणीची नावं, आणि नियमावली जोडायची. आपल्याकडे या दोन्हींना मिळून "घटना" म्हणतात. शिवाय पहिल्या सभेचा ठराव, पत्त्याचा पुरावा, जागामालकाचं संमतीपत्र आणि प्रतिज्ञापत्र. नंतर तीच संस्था महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली न्यास (ट्रस्ट) म्हणूनही नोंदवावी लागते, त्यासाठी तीन महिन्यांच्या आत अर्ज. शेवटी हातात दोन प्रमाणपत्रं येतात. दुसऱ्यावरचा नोंदणी क्रमांक "एफ" अक्षरानं सुरू होतो. कुठल्याही कार्यालयात "एफ नंबर काय?" असं विचारलं की समजा, हेच विचारतायत.

घटना झेरॉक्सच्या दुकानातून तयार उचलू नका. तसल्या छापील घटनेत "वृद्धाश्रम चालविणे, अभियांत्रिकी महाविद्यालय काढणे" असे तीस-चाळीस उद्देश असतात आणि "अभ्यासिका" हा शब्द नेमका नसतो. अनुदान देणारा अधिकारी उद्देशांच्या यादीत आपल्या योजनेचा शब्द शोधतो. ग्रंथालय, अभ्यासिका, क्रीडा, व्यायामशाळा, रक्तदान, वृक्षलागवड, युवक कल्याण एवढं स्पष्ट लिहिलं की पुरे. कार्यकारिणीत मुली घ्या, आणि त्या फक्त सहीपुरत्या नकोत. अभ्यासिकेच्या वेळा ठरवताना आमच्या बैठकीत मुली नसत्या, तर आम्ही ती रात्री दहापर्यंत उघडी ठेवून मोकळे झालो असतो. मुलींना हवी असलेली पहाटे पाचची वेळ आमच्या डोक्यातच आली नसती.

गणेशोत्सवापुरती वर्गणी गोळा करणाऱ्या, नोंदणी नसलेल्या मंडळांसाठी याच १९५० च्या कायद्याच्या कलम ४१ क खाली तात्पुरती परवानगी मिळते. ती वर्गणीची परवानगी आहे, नोंदणी नव्हे. ते पत्र जोडून व्यायामशाळेचं अनुदान मागायला आलेली मंडळं मी पाहिलीत.

आता सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत कलम २२ खाली बदल अर्ज द्यावा लागतो. आमचं मंडळ आमच्या आधीच्या पिढीनं नोंदवलेलं होतं, म्हणून आम्ही खुशीत होतो. परिशिष्ट एकचा, म्हणजे विश्वस्तांची नावं असलेल्या नोंदीचा, उतारा काढला तर त्यावर अजून जुनेच अध्यक्ष. सात विश्वस्तांतले दोघं वारलेले, एक सुरतेला. बँकेनं खातं उघडू दिलं नाही. मधल्या सगळ्या निवडणुकांचे ठराव, मृत्यूचे दाखले, राजीनामे गोळा करता करता वर्ष गेलं. तुमच्याकडे जुनी नोंदणी असेल तर उद्याच तो उतारा काढा आणि वरची नावं वाचा.

चार वह्या

पॅन काढलं, मंडळाच्या नावानं बँक खातं उघडलं, तिघांपैकी कुठल्याही दोघांच्या सह्या ठेवल्या. त्यानंतर रोज लागतात त्या वह्या: सभेचं प्रोसिडिंग, रोजकीर्द (रोजच्या जमाखर्चाची वही), पावतीपुस्तक आणि साहित्य नोंदवही. चारही साध्या शंभर पानी चालतात. पानांना क्रमांक मात्र आधीच घाला, म्हणजे मधलं पान फाडलं की दिसतं.

रोजकीर्दीत रोजच्या रोज लिहा. "नंतर एकदम लिहू" म्हणणाऱ्या खजिनदारावर माझा विश्वास नाही, तो कितीही सज्जन असो. खर्चाच्या प्रत्येक ओळीला व्हाउचर हवं. चहावाल्याकडे बिल नसेल तर साध्या कागदावर त्याची सही घ्या. वर्ष संपलं की जमाखर्च आणि ताळेबंद करून हिशेब तपासून घ्यायचा आणि धर्मादाय कार्यालयाला पाठवायचा. अनुदानाच्या बहुतेक अर्जांना मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल मागतात. म्हणजे आज वही सुरू केली तर तीन वर्षांनी ती खरी कामाला येणार. उशीर करू नका.

ग्रामसभा: इथं घाई नको

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ प्रमाणे आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा व्हाव्या लागतात. बहुतेक गावांत त्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या आसपास होतात. गावच्या मतदारयादीत नाव असलेला प्रत्येक जण ग्रामसभेचा सदस्य असतो. अठरा पूर्ण झालेल्या पोराला तिथं सरपंचाइतकंच बोलायचा हक्क आहे. तेव्हा पहिलं काम म्हणजे मंडळातल्या सगळ्यांची नावं यादीत आहेत का ते पाहणं. पुण्या-मुंबईत नाव लावून बसलेला मित्र इथं मत देऊ शकत नाही.

गणपूर्ती, म्हणजे सभेला किमान लागणारी माणसं, मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतली जी संख्या कमी असेल ती. गणपूर्ती झाली नाही तर सभा तहकूब होते आणि पुन्हा भरलेल्या तहकूब सभेला गणपूर्तीची अट राहत नाही. बरेच विषय अशाच, पंधरा-वीस माणसांच्या सभेत मंजूर होतात. तुमच्या वीस जणांचं वजन तिथं किती पडतं, हे यावरून ओळखा. फक्त मागं घोळक्यात उभं राहू नका. उपस्थिती पुस्तकात सही करून पुढं बसा.

सभेची नोटीस सात दिवस आधी निघते. विषय तिच्यात यायला हवा असेल तर अर्ज त्याच्याही आधी पोचला पाहिजे. आम्ही पंधरा दिवस आधी देतो. अर्ज दोन प्रतींत करा, एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. पोच घेताना संकोच वाटतो, कारण भाऊसाहेब ओळखीचे असतात. तरी घ्याच. (२०२४ पासून ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही दोन्ही पदं एकत्र करून "ग्रामपंचायत अधिकारी" असं पदनाम झालंय. अर्जावर तेच लिहा. हाक मारायला भाऊसाहेब आहेच.)

ठरावाचा मसुदा आपणच लिहून न्यायचा. ऐन सभेत भाऊसाहेबांना आपल्या मनातलं लिहिता येत नाही, आणि ठरावातला एक शब्द ढिला पडला की तांत्रिक मंजुरीला फाइल परत येते. आम्ही दिलेला मसुदा असा होता:

"विषय : गावातील विद्यार्थ्यांसाठी अभ्यासिका सुरू करणेबाबत. ठराव : मौजे ______ येथील स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या तरुण-तरुणींसाठी ग्रामपंचायत मालकीच्या, नमुना ८ वरील मिळकत क्र. ____ या इमारतीतील पूर्वेकडील खोली अभ्यासिकेकरिता उपलब्ध करून देण्यास, सदर खोलीची दुरुस्ती, वीजजोडणी व फर्निचर ही कामे सन ____ च्या ग्रामपंचायत विकास आराखड्यात समाविष्ट करण्यास, आणि अभ्यासिकेचे दैनंदिन व्यवस्थापन ______ मंडळाकडे करारनाम्याने सोपविण्यास ही ग्रामसभा मंजुरी देत आहे. सूचक : ______ अनुमोदक : ______. ठराव सर्वानुमते मंजूर."

यात तीन गोष्टी एका दमात मंजूर होतात: जागा, आराखड्यातलं स्थान आणि मंडळाची भूमिका. तिसरी सुटली तर खोली दुरुस्त होते आणि तिला कुलूप लागून राहतं. सूचक म्हणून मंडळातला पोरगा घेऊ नका. गावात ज्याचा शब्द चालतो असा एखादा काका किंवा बचत गटाच्या अध्यक्षा असल्या तर विरोधाची धार बोथट होते. आमच्या ठरावाला अनुमोदन देणाऱ्या आजींची नात पोलीस भरतीचा अभ्यास करत होती. त्यांच्यापुढं कोण बोलणार?

सभा संपल्यावर आठवडाभरात ठरावाची साक्षांकित प्रत लेखी मागा. चार-पाच प्रती काढून ठेवा, प्रत्येक टेबलावर एक जाते.

कुठल्या दारात काय मिळतं

पहिलं दार ग्रामपंचायतीचंच. "आमचं गाव, आमचा विकास" या नावानं आपल्याकडे ग्रामपंचायत विकास आराखडा होतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळात आयोगाच्या निधीतला ६० टक्के बंधित होता, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठी राखीव. उरलेला ४० टक्के अबंधित. पगार आणि आस्थापना खर्च सोडून, राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीतल्या २९ विषयांपैकी गावाला गरज वाटेल त्यावर तो खर्च करता येत होता. त्या २९ विषयांत "ग्रंथालये" हा स्वतंत्र विषय आहे. "असल्या कामाला निधी वापरता येत नाही" असं कुणी म्हणालं तर शांतपणे हे सांगा. नव्या आयोगाच्या काळातले निकष आणि टक्केवारी मात्र पंचायत समितीच्या विस्तार अधिकाऱ्याकडून विचारून घ्या. तुमच्या गावाच्या आराखड्यात काय लिहिलंय ते ई-ग्रामस्वराज पोर्टलवर कुणालाही दिसतं. घरी बसून बघा, मग सभेला जा.

गाव पेसा क्षेत्रातलं, म्हणजे आदिवासी अनुसूचित क्षेत्रातलं, असेल तर चित्र वेगळं. १९९६ चा पेसा कायदा आणि राज्याचे २०१४ चे नियम यांमुळे तिथं पाड्याची स्वतंत्र ग्रामसभाही होऊ शकते, आणि आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध निधी २०१५ पासून थेट ग्रामपंचायतीकडे येतो. तो कशावर खर्चायचा हे ग्रामसभा ठरवते. पालघर, नंदुरबार, गडचिरोलीकडच्या मंडळांनी वित्त आयोगाच्या आधी हे दार ठोठवावं.

जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालय हे तरुण मंडळांचं खरं घर आहे, आणि तिथं सगळ्यात कमी मंडळं जातात. क्रीडा व युवक सेवा संचालनालयाच्या व्यायामशाळा विकास आणि क्रीडांगण विकास या अनुदान योजना तिथूनच चालतात. जागा ग्रामपंचायतीच्या किंवा संस्थेच्या नावावर असणं ही त्यातली मुख्य अट, म्हणून वर नमुना ८ चं एवढं सांगितलं. राज्याच्या २०१२ च्या युवा धोरणानुसार १३ ते ३५ हा युवा वयोगट धरतात. जिल्हा युवा पुरस्कारही याच कार्यालयाकडून मिळतो, एक युवक, एक युवती आणि एका संस्थेला. पुरस्काराची रक्कम फार मोठी नसते. पण त्या अर्जासाठी कात्रणं, फोटो आणि अहवाल एकत्र लावावे लागतात, तो गठ्ठाच पुढं दहा ठिकाणी कामाला येतो.

केंद्राकडून "मेरा युवा भारत". १९७२ मध्ये सुरू झालेली नेहरू युवा केंद्रं आता या नावाखाली काम करतात. मेरा युवा भारत ३१ ऑक्टोबर २०२३ ला सुरू झालं. इथला मुख्य वयोगट १५ ते २९. इथून इमारतीला पैसा मिळत नाही. प्रशिक्षणं, युवा संसद, क्रीडा स्पर्धा, स्वयंसेवेच्या संधी मिळतात. पोर्टलवर एकेकट्यानं नोंदणी करा, मंडळही जोडा. नुसतं प्रमाणपत्र डाऊनलोड करण्यापुरतं वापरणार असाल तर वेळ घालवू नका. पण जिल्ह्याच्या शिबिरात दुसऱ्या तालुक्यांतली मंडळं भेटतात. आमच्या अभ्यासिकेचा करारनामा अशाच एका मंडळाच्या करारनाम्यावरून उतरवलाय.

जवळचं कॉलेज विसरू नका. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ पासून चालू आहे. स्वयंसेवकाला वर्षाला १२० तास काम आणि दोन वर्षांत एक सात दिवसांचं विशेष शिबिर करायचं असतं, आणि त्या शिबिराला गाव लागतं. कार्यक्रम अधिकारी प्राध्यापकांना जूनमध्येच पत्र द्या. जेवणाची आणि मुक्कामाची सोय गाव करेल आणि काम आम्ही आखून देऊ, असं त्यात लिहा. पन्नास पोरं सात दिवसांत खोलीची रंगरंगोटीच काय, गावचं सर्वेक्षणसुद्धा करून देतात. शिबिराच्या समारोपाला तहसीलदार, गटविकास अधिकारी हमखास येतात. तेव्हा तुमची फाइल हाताशी असू द्या.

आमदार निधी, खासदार निधी आणि जिल्हा नियोजन समिती यांचं गणित सगळ्यांना माहीत असतं, फक्त एक गैरसमज असतो. लोकप्रतिनिधी पैसे देत नाहीत, कामाची शिफारस करतात. मंजुरी आणि पैसा जिल्हा प्रशासनाकडून सुटतो. शिफारसपत्र मिळाल्यावर पेढे वाटून थांबलेल्या मंडळांची कामं तिथंच राहतात. ते पत्र जिल्हा नियोजन कार्यालयात पोचलं का, हे तुम्हीच जाऊन पाहायचं.

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना हा जरा वेगळा विषय. २०२४ मध्ये ती आली तेव्हा बारावी झालेल्याला महिना ६,०००, आयटीआय किंवा पदविका असलेल्याला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन होतं. मुदत सहा महिने, पुढं ती वाढवली. अनेक ग्रामपंचायतींत असे प्रशिक्षणार्थी होते. अटी बदलत राहतात, म्हणून सध्याचा जीआर, म्हणजे शासन निर्णय, पाहून घ्या. पण मंडळातला कुणी ग्रामपंचायतीत असा बसला तर दप्तर आतून कळतं. आमच्या मंडळातल्या पोरीनं सहा महिन्यांत जे शिकून घेतलं ते मला तीन वर्षांत कळलं नव्हतं.

शेवटी, आपलीच बाहेर गेलेली माणसं. कोकणात मुंबईकर मंडळावरच गाव चालतो, देशावर पुणेकर. त्यांची देणगी खात्यावर घ्या, पावती द्या. परदेशातली मंडळी असली तर थोडं जपून. दुबईत भारतीय पासपोर्टवर नोकरी करणाऱ्यानं स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे परकीय योगदान धरले जात नाहीत. पण अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेला वर्गमित्र कायद्याच्या नजरेत परकीय स्रोत आहे, आणि २०१० च्या परकीय योगदान कायद्याखालची नोंदणी किंवा परवानगी नसताना त्याचे पैसे खात्यावर घेतले तर मंडळ अडचणीत येतं. त्याला सांगावं, गावाकडच्या भावानं त्याच्या स्वतःच्या कमाईतून द्यावेत. तू पाठवू नकोस.

जीआर शेवटाकडून वाचा

शासन निर्णय राज्य शासनाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. विभाग आणि तारीख टाकून शोधता येतात, प्रत्येकावर लांबलचक संकेतांक असतो. सुरुवातीला "वाचा" म्हणून जुन्या निर्णयांची यादी, मग प्रस्तावना. ती दोन पानं सोडून द्या. "शासन निर्णय" या शब्दांनंतर खरं सुरू होतं. मी तर आधी शेवटची दोन पानं उघडतो, तिथं तीन गोष्टी सापडतात. खर्च कुठल्या लेखाशीर्षातून भागवायचा, अंमलबजावणी अधिकारी कोण, आणि सोबतच्या परिशिष्टात अर्जाचा नमुना. लेखाशीर्ष आहे पण त्यावर यंदा तरतूद नाही, असंही होतं. संबंधित कार्यालयात "या हेडवर यंदा तरतूद किती?" असं विचारा. प्रश्न असा विचारला की समोरचा सावरून बसतो.

फाइलचा प्रवास

ठराव झाला, आराखड्यात काम आलं, की शाखा अभियंता येऊन मोजमाप घेतो आणि अंदाजपत्रक करतो. तो येईल तेव्हा तिथं हजर राहा आणि प्लगपॉइंट किती, खिडक्यांना जाळी हवी, मुलींसाठी स्वच्छतागृह हवं, हे त्याच दिवशी सांगा. अंदाजपत्रकात जे नाही ते कामात येत नाही. आमच्याकडे छत्तीस जणांच्या खोलीला चार प्लग मंजूर झाले, कारण त्या दिवशी आम्ही सगळे एका लग्नात होतो.

पुढं तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, कार्यारंभ आदेश, मग काम, एम.बी. म्हणजे मोजमाप पुस्तिका, पूर्णत्वाचा दाखला आणि देयक. प्रत्येक टप्प्याचा जावक क्रमांक आणि तारीख मंडळाच्या वहीत उतरवा. "फाइल वर गेलीय" याला अर्थ नाही. "अमुक तारखेला, अमुक क्रमांकानं, तमुक टेबलावर" याला आहे. आणि दिनदर्शिका बघा. मार्चमध्ये निधी संपवायची घाई असते, त्या वेळी ज्यांची फाइल पूर्ण असते त्यांचं काम होतं. तुमची डिसेंबरपर्यंत तयार पाहिजे.

काम अडलं तर आधी भेटा, मग स्मरणपत्र द्या, मग माहितीचा अधिकार वापरा. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एक विषय, आणि महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे दीडशे शब्दांच्या आत. उत्तराला ३० दिवस. "काम का झालं नाही?" असं विचारलं तर उत्तर मिळणार नाही, कारण ती माहिती नव्हे. "अमुक ठरावावर झालेल्या कार्यवाहीच्या टिपणीची प्रत द्या" असं मागा. अर्जाची भाषा गोड ठेवा. त्याच माणसाकडे उद्या दुसरं काम असतं.

खोली मिळाल्यानंतर

उद्घाटनाचा फोटो झाला की निम्मी मंडळं पांगतात, आणि चार महिन्यांनी वीज कापली जाते. म्हणून ग्रामपंचायतीबरोबरच्या करारनाम्यात वीजबिल कोण भरणार ते आकड्यासकट लिहा. आमच्याकडे मीटर ग्रामपंचायतीच्या नावावर आहे, बिल मंडळ भरतं, आणि दर विद्यार्थ्याकडून महिन्याला थोडी वर्गणी घेतो. ज्याला जमत नाही त्याच्याकडून घेत नाही. तो शनिवारी झाडलोट करतो. मोबाइल बाहेरच्या फळीवर. पहिल्या महिन्यात यावरून दोन भांडणं झाली, नंतर सवय झाली.

अनुदान मंडळाच्या नावावर आलं असेल तर विनियोग प्रमाणपत्र, म्हणजे पैसा ठरल्या कामावरच खर्चला याचा दाखला, वेळेत द्या. ते बाकी असलं की पुढच्या वर्षीचा अर्ज उघडतसुद्धा नाहीत. खुर्च्या, टेबलं, पंखे साहित्य नोंदवहीत चढवा, वस्तूंवर रंगानं क्रमांक घाला. लग्नसराईत खुर्च्या मागायला येणाऱ्यांना ती वहीच दाखवा: सरकारी नोंद आहे, देता येत नाही.

पोरं भरती होतात, सासरी जातात, पुण्याला जातात, आणि कार्यकारिणी दोन-तीन वर्षांत रिकामी होते. दर वर्षी दोन नवीन जण घ्या, जुन्यांच्या शेजारी बसवून त्यांच्याकडूनच प्रोसिडिंग लिहून घ्या. निवड झाली की ९० दिवसांत बदल अर्ज, त्याची पोच फाइलला. आणि अभ्यासिकेच्या कुलपाची दुसरी चावी ग्रामपंचायतीत ठेवा, सही घेऊन. लेखी परीक्षेच्या आदल्या रात्री चावीवाला नेमका गावाला गेलेला असतो.